तीन नंबरचं बेअरिंग आणि माझा धाकटा

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, माझ्या पाठचा. देव अक्कल वाटत होता तेव्हा तो रांगेत माझ्या पुढे उभा होता, हे मी चारचौघांत कबूल करतो. बाकी सगळ्या बाबतीत मी पुढे. मी नववी नापास, तो दहावी पास. पण मोटारीच्या इंजिनाचं म्हणाल तर मोठमोठे शिकलेले त्याच्यापुढे पाणी भरतात. आणि पाणी भरण्यातलं मला कळतं, कारण मी चौदा वर्षं पाण्याचा टँकर चालवतोय. चौदा वर्षांत एकदाही आरसा घासला नाही. एकदा घासला, पण ती चूक भिंतीची होती.

धाकटा ज्या वर्कशॉपमध्ये आहे तिथे बिघडलेल्या गाड्या येत नाहीत, चांगल्या चालणाऱ्या येतात. कंपनीने गाडी ठीकठाक बनवून दिलेली असते, पण मालकाच्या जिवाला चैन नसतं. मग इंजिनाला टर्बो बसवा, सायलेन्सर बदला, चाकं रुंद करा. घोड्याला हत्तीचं काम सांगायचं आणि वर पळही म्हणायचं, असा सगळा प्रकार. तिथली माणसंही गाड्यांसारखीच, कायम घाईत. एक हा सोडून. त्याला तिथे सगळे ‘सावकाश’ म्हणतात. त्याच्या शेजारच्या बाकावर काम करतो त्याचं नाव ‘फटाफट’. मनाने वाईट नाही, पण त्याचे स्क्रू मोजले तर एखादा नेहमी उरतो.

वर्कशॉपच्या मागच्या बाजूला धाकट्याची खोली आहे. दहा बाय बाराची. जमिनीला राखाडी रंग, एक मोठी खिडकी, पत्रा ठोकलेलं टेबल, आणि भिंतीला लावलेली मापाची हत्यारं. चपला दाराबाहेर. बेअरिंगची, बोल्टची, कसलीही पुडी उघडायची असली की भर उन्हाळ्यातसुद्धा पंखा बंद. मी एकदा खिशातून रुमाल काढून झटकला तर मला हाताला धरून बाहेर काढलं. मला, थोरल्या भावाला. मी रुमाल घडी करून खिशात ठेवला. खोली त्याची होती.

आता हे बेअरिंग म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याला खालून धरणारा दांडा असतो, तो कनेक्टिंग रॉड. दांड्याचं खालचं टोक क्रँकला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या वाकड्या आसाला, मिठी मारून फिरतं. त्या मिठीत पातळ, राखाडी रंगाच्या दोन अर्ध्या बांगड्या असतात. तेच बेअरिंग. बांगडी आणि क्रँक यांच्यामध्ये केसापेक्षाही थोडी कमीच फट, आणि त्या फटीत तेल. क्रँक खरं तर त्या तेलावर तरंगत असतो. तेल क्षणभर हटलं की धातूवर धातू. मग इंजिनातून ठक ठक ठक असा आवाज येतो, कुणी दार वाजवतंय असा. धाकटा म्हणतो, तो आवाज आल्यावर दार उघडायला जाण्यात अर्थ नाही, घर जळून गेलेलं असतं.

तर त्यांच्याकडे एक दातांचा डॉक्टर यायचा. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची, असा त्याचा कार्यक्रम. त्याच्या गाडीला टर्बो लावला, रुंद चाकं लावली, आणि दुसऱ्याच महिन्यात इंजिनाने दार वाजवलं. तीन नंबरच्या दांड्याचं बेअरिंग जळालं. ते इंजिन फटाफटने बांधलेलं होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दुसरं इंजिन धाकट्याने बांधलं. सोळा दिवस घेतले. फट मोजायची त्यांची एक मेणासारखी मऊ दोरी असते. ती मध्ये घालून बोल्ट आवळायचे, सोडायचे आणि दोरी किती चपटी झाली ते मोजायचं. फटाफट एकदा मोजतो, न मोजल्यासारखं. याने चारही दांडे तीन-तीनदा मोजले. बोल्ट किती ताणला गेला तेही मोजून वहीत लिहिलं.

आणि पाच आठवड्यांनी ती गाडी ट्रकवर चढवून परत आली. तेच तीन नंबर.

त्या दिवशी वर्कशॉपचा मालक धाकट्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, पण आतही आला नाही.

“सावकाश, फटाफटचं गेलं ते मी समजू शकतो. तुझं कसं गेलं?”

“माहीत नाही, मालक.”

“सोळा दिवस घेतलेस. सोळा दिवसांत मी घर बांधलं असतं.”

“बांधणीत चूक नाही. वही बघा.”

“वही काय करू, डॉक्टरला वाचून दाखवू? हे बघ, तिसरं इंजिन तूच बांध. पण तेही गेलं तर ही खोली फटाफटला. तू पुढे काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि पावत्या फाडायच्या.”

हे मला धाकट्याने सांगितलं नाही. फटाफटने सांगितलं, तेही खाली मान घालून. घरी येऊन धाकटा जेवला, ताट धुतलं, आणि नखं कापत बसला. दोन दिवसांपूर्वीच कापलेली होती. माझी बायको म्हणाली, “अहो, भाऊजींना काहीतरी झालंय.” मी म्हटलं, त्याला काही होत नाही, माझा भाऊ आहे. पण मीही भाकरी अर्धी टाकून उठलो. इंजिनाशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. काउंटरवर बसवला तर गिऱ्हाइकाला उत्तर देईपर्यंत गिऱ्हाईक घरी पोचेल.

दुसऱ्या दिवशी इंजिन खोलण्याआधी त्याने मालकाकडे एक सकाळ मागून घेतली आणि डॉक्टरच्या गाडीत जाऊन बसला. नुसता बसला. फटाफट म्हणाला, रुसलाय. पण तो किल्ली अर्धी फिरवून बघत होता. किल्ली अर्धी फिरवली की समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे एकदम लागतात ना, ते तो मोजत होता. सहा लागले. परत मोजले, सहाच. मग बाहेर येऊन तशीच दुसरी गाडी उभी होती तिच्यात मोजले. सात.

कमी होता तो तेलाचा लाल दिवा. तेलाचा दाब पडला की जो लागतो, तो.

परत डॉक्टरच्या गाडीत येऊन बोट फिरवल्यावर कळलं, दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. पण कशी, तर बरोबर दिव्याएवढी गोल, कडा अशा साफ की कंपनीनेच बसवली आहे असं वाटावं. दात कोरणाऱ्या हाताचंच काम ते. त्याने डॉक्टरला स्पीकरवर फोन लावला. डॉक्टर म्हणाला, “हो, मीच लावली. तो दिवा डोळ्यांवर लुकलुकायचा हो, वळणावर लक्ष जायचं. मी तुमच्या माणसाला विचारलं होतं, तो म्हणाला वायर लूज असेल.”

तुमचा माणूस म्हणजे फटाफट. तो लगेच म्हणाला, “मग वायर लूज असूच शकते.”

“डॉक्टर, कुठल्या वळणावर लुकलुकायचा?” धाकट्याने विचारलं.

“त्या लांब उजव्या वळणावर. फक्त तिथेच. सरळ रस्ता लागला की बंद. म्हणून तर वाटलं वायर आहे.”

“आणि रुंद चाकं लावायच्या आधी?”

“आधी कधीच नाही.”

रात्री जेवताना धाकट्याने हे सगळं सांगितलं. बांधणीत सगळं मापात आहे, सरळ रस्त्यावर दाब उत्तम आहे, आणि एका वळणावर दिवा लागतो. का? आता मी बढाई मारत नाही, जे झालं ते सांगतो. मी भाजीत चमचा बुडवता बुडवता म्हटलं, “अरे, वळणावर पाणी पळतं. पूर्ण भरलेला टँकर बिचारा गरीब असतो. अर्धा भरलेला असला की पाणी एका अंगाला चढतं आणि तुम्हाला घेऊन उलटायला बघतं. म्हणून तर आत पडदे असतात.”

धाकट्याने चमचा खाली ठेवला.

“कसले पडदे?”

“पत्र्याचे. आडवे. त्यांना भोकं असतात. चौदा वर्षं तुला सांगतोय टँकरबद्दल, तू ऐकतोस कधी?”

“दादा, मला ते दाखव.”

“आधी जेव.”

“जेवतो. दाखव.”

सकाळी पाणी भरायच्या जागी पोचलो तेव्हा टँकर रिकामा होता. मी वरचं झाकण उघडलं, तो दिवा घेऊन आत उतरला. मला वाटलं, पाच मिनिटं. अर्धा तास आतून ठोकल्याचे आणि गुणगुणल्याचे आवाज. तोवर माझ्या मागे सहा टँकर उभे राहिले. मागचा ड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला, “काय हो, आत कोण आहे?” मी म्हटलं, “माझा भाऊ आहे.” तो म्हणाला, “मग निघेल ना कधी?” मी म्हटलं, “त्याचं काम झालं की निघेल, तुम्ही भोंगा वाजवू नका, आत घुमतो.” बाहेर आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत गंजाचा रंग आणि तोंडभर हसू.

संध्याकाळी तो इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं घेऊन घरी आला. त्याला ते लोक चेंबर म्हणतात. चार लिटर तेल मावतं, मध्यभागी एक नळी बुडवलेली असते, तिथून पंप तेल ओढतो आणि वर बेअरिंगला पाठवतो. त्याने ते भांडं जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

बायको म्हणाली, “भाऊजी, हे काय?”

“वहिनी, साबणाने दोनदा धुतलंय.”

“तिसऱ्यांदा मी धुते, मग ठेवा.”

तिसऱ्यांदा धुतलं गेलं. मग त्यात चार लिटर पाणी ओतलं. मला एक प्लास्टिकची नळी दिली आणि तिचं टोक जिथे पंपाचं तोंड असतं बरोबर तिथे धरायला लावलं. “दादा, तू पंप. ओढत राहा.” मी ओढत राहिलो. सपाट असताना पाणी येत होतं. मग त्याने भांडं हळूहळू डावीकडे तिरकं केलं, अर्ध्या काटकोनापर्यंत. म्हणाला, चिकट रुंद चाकांवर डॉक्टर वळण घेतो तेव्हा तेल इतकंच तिरकं होतं. पाणी सगळं एका भिंतीला जाऊन उभं राहिलं आणि माझ्या तोंडात खुर्र करून नुसती हवा आली.

“काय आलं?”

“वारा.”

“तीन नंबरलाही तेच जातं,” तो म्हणाला. “त्या वळणावर चार सेकंद त्याला तेलाऐवजी वारा मिळतो. वर टर्बोचा हातोडा. सरळ रस्त्याला लागेपर्यंत जीव गेलेला.”

म्हणजे जुन्या अरुंद चाकांवर गाडी तेवढ्या वेगात वळतच नव्हती, म्हणून भागत होतं. घोड्याला नाल नवे ठोकले, पण पाणी पाजायची बादली तीच. मी हे असं म्हटलं तेव्हा धाकटा म्हणाला, दादा, हे मी मालकाला सांगणार. मी म्हटलं, सांग, माझं नाव घेऊन सांग.

त्याने पत्र्याचं काम करणाऱ्याकडून चेंबरच्या आत पडदे बसवून घेतले. पण नुसती भोकं नाहीत. नळीच्या चारी बाजूंनी एक चौकोनी खोली, आणि तिच्या प्रत्येक भिंतीला एक छोटं लोंबतं दार, आतल्या बाजूलाच उघडणारं. तेल नळीकडे येताना दार ढकलून आत येणार, आणि वळणावर बाहेर पळायला गेलं की तेच दार दाबून बंद करणार. पत्रेवाला म्हणाला, “एवढीशी दारं कुणासाठी, उंदरांसाठी?” धाकट्याने एक दार परत करायला लावलं, कारण ते जरा अडकत होतं. मग ते परत आमच्या टेबलावर, परत मी पंप. या वेळी त्याने भांडं अर्ध्या काटकोनात धरून पंधरापर्यंत आकडे मोजले आणि माझ्या तोंडात शेवटपर्यंत पाणीच आलं. मी ते गिळत होतो. बायको म्हणाली, “अहो, थुंकायला काय झालं?” पंप थुंकत नसतो.

तिसरं इंजिन त्याने चौदा दिवसांत बांधलं. मालकाने मध्ये दोनदा विचारलं, त्याने दोन्हीदा “होतंय” सांगितलं. तेल जरा जाड घेतलं, अर्धा लिटर जास्त मावेल असं चेंबर केलं. काळी पट्टी काढली आणि दिव्याच्या जोडीला बशीएवढं गोल घड्याळ बसवलं, तेलाचा दाब दाखवणारं. डॉक्टरला समोर बसवून सांगितलं, तेल गरम झाल्याशिवाय पाय दाबायचा नाही, आणि मोठ्या गिअरमध्ये गाडी रडत असताना तर मुळीच नाही, तेव्हा दांड्यावर सगळ्यात जास्त मार बसतो. डॉक्टर म्हणाला, “समजलं.” धाकटा म्हणाला, “काय समजलं ते परत सांगा.” डॉक्टर लोकांना दात कसे घासायचे ते शिकवतो, त्याला कुणीतरी शिकवतंय हे बघून मला बरं वाटलं.

रविवारी ट्रॅकवर गेलो. मालक, फटाफट, आम्ही दोघं. वळणावर डॉक्टरला रस्ता बघायचा, मग सुई कोण बघणार? धाकट्याला गाडीत बसलं की मळमळतं. इंजिनवाला आहे, पण खरं ते खरं. मालक त्या सीटमध्ये मावत नव्हता. फटाफट म्हणाला, मी बसतो. मी म्हटलं, तू बसशील आणि म्हणशील वायर लूज आहे. मीच बसलो. हेल्मेट, चार पट्टे, सगळं.

“दादा, फक्त सुई,” धाकटा खिडकीतून म्हणाला. “सरळ रस्त्यावर चारवर असेल. वळणावर किती होते तेवढं सांग. दुसरीकडे बघू नकोस.”

आधी दोन फेऱ्या हळू, तेल गरम करायला. मालक मनगटावरचं घड्याळ बघत होता, धाकटा त्याच्याकडे बघत नव्हता. मग डॉक्टरने पाय दाबला.

मी चौदा वर्षं बारा हजार लिटर घेऊन घाट उतरलोय. पण ते वळण आलं तेव्हा माझं पोट डाव्या दाराला जाऊन चिकटलं आणि मागून मी गेलो. फेरी संपवून थांबलो. धाकटा धावत आला, आणि तो धावतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“किती?”

“पुढच्या फेरीत सांगतो.”

“म्हणजे?”

“डोळे मिटले होते.”

फटाफट हसून खाली बसला. धाकटा हसला नाही. त्याने हेल्मेटच्या आत हात घालून माझा गाल थोपटला, लहान मुलासारखा, आणि म्हणाला, “दादा, माझी खोली आहे रे.” बस. एवढंच.

पुढच्या अकरा फेऱ्या मी पापणी हलवली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी नाही. सरळ रस्त्यावर चार. वळणात शिरताना चार. वळणाच्या पोटात साडेतीन, आणि तिथेच उभी. लांब उजवं वळण संपेपर्यंत साडेतीन. अकराही वेळा. लाल दिवा एकदाही लागला नाही. उतरल्यावर मी सांगितलं तेव्हा मालक म्हणाला, “झालं तर मग.” धाकटा म्हणाला, “नाही झालं. सुई खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. उद्या उघडू.”

“चालतं इंजिन उघडणार?”

“बेअरिंग बघितल्याशिवाय मी झालं म्हणणार नाही.”

मालकाने कपाळाला हात लावला. “ज्याला बघायचं असेल त्याने आठ वाजता यावं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधीच सगळे धाकट्याच्या खोलीत हजर, डॉक्टरसुद्धा, आणि मधोमध गाडीतून उतरवलेलं इंजिन. मी टँकर वर्कशॉपच्या दारात लावला, भरलेला. बांधकामावरचे लोक फोन करत होते, मी उचलला नाही. धाकट्याने आधी तेलाचा फिल्टर कापला आणि आतला घड्यांचा कागद पांढऱ्या फडक्यावर उलगडला. चमक दिसली तर बेअरिंग झिजलंय. आम्ही पाचही जण त्या कागदावर वाकलो. काळं तेल, बाकी काही नाही. मग चेंबर उतरवलं. मग तीन नंबरचे दोन बोल्ट सोडले, दांड्याची खालची टोपी हातात घेतली, अर्धी बांगडी अंगठ्याने सरकवून बाहेर काढली, पुसली आणि खिडकीशी नेली. त्याने ती उजेडात या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवली, मापाच्या हत्यारात धरली, वही उघडून आकडा बघितला, आणि वही मिटून बांगडी मालकाच्या हातावर ठेवली.

राखाडी. बसवली होती तश्शी. थर झिजला की दिसतं ते खालचं तांबं कुठेही दिसत नव्हतं.

मालकाने बघून फटाफटला दिली. फटाफटने नखाने चाचपली आणि मान हलवली. डॉक्टरने खिशातला चष्मा लावला, खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “कीड नाही.”

मालक दारापाशी गेला आणि परत वळला. “पुढचं इंजिन गुरुवारी येतंय. इथेच पाठवतो. दोन आठवडे देतो.”

“तीन लागतील,” धाकटा म्हणाला. तो एव्हाना नव्या बोल्टची पुडी उघडत होता.

“तीन,” मालक म्हणाला, आणि जाता जाता हात वर करून पंख्याचं बटण बंद केलं.